हजेरी ८५ टक्के

‘ख्रिश्चन युनिव्हर्सिटी’ म्हटलं की घरच्यांना धर्माचं टेन्शन आणि पोरांना ड्रेसकोडचं. तिथे तीन वर्षं काढल्यावर सोबत काय येतं, ते मात्र फारसं कुणी विचारत नाही.

‘तू ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत शिकलीस?’ हा प्रश्न मला तीन प्रकारची माणसं विचारतात. पहिला प्रकार काका-मामांचा. आवाज खाली आणून, इकडेतिकडे बघत, ‘मग बायबल-बिबल वाचायला लावायचे का गं?’ दुसरा प्रकार सोसायटीतल्या काकूंचा. ‘वा, म्हणजे इंग्लिश एकदम फाडफाड असणार!’ आणि तिसरा आपल्या वयाच्या मंडळींचा. ‘तिथे म्हणे जीन्स चालत नाही? कसं काय काढलंस यार?’

उत्तरं क्रमाने देते. नाही. बरं आहे. आणि खरंच नाही चालायची, तरीही मजेत काढले.

२०१५ ते २०१८ ही तीन वर्षं मी बेंगळुरूच्या ख्राइस्टमध्ये होते. जेपीईंग करत होते. घाबरू नका, हा कुठला रोग नाही. जर्नलिझम, सायकॉलॉजी आणि इंग्लिश असे तीन विषय एकदम घेऊन केलेलं बीए, त्याचं हे लाडाचं नाव. नगरच्या माळीवाड्यात वाढलेली मुलगी ‘मी जेपीईंग करतेय’ असं म्हणाली की नातेवाईकांना ते इंजिनीअरिंगच्या जवळपासचं काहीतरी वाटायचं. मीही फार खुलासा करायचे नाही. मास कॉमचं एमए मी नंतर पुण्यात केलं, पण ‘कॉलेज’ म्हटलं की आजही डोळ्यांसमोर येतो तो होसूर रोडवरचा तो हिरवागार, स्वच्छ आणि जाम शिस्तीचा कॅम्पस.

कॉलेज, युनिव्हर्सिटी आणि कंस

थोडी माहिती देते, नाहीतर जर्नलिझमची डिग्री वाया गेली म्हणाल. ख्राइस्ट कॉलेज १९६९ साली सुरू झालं. सुरू करणारे सीएमआय या केरळमधल्या कॅथलिक संघाचे फादर. २००४ मध्ये कॉलेज ऑटोनॉमस झालं, २००८ मध्ये त्याला डीम्ड युनिव्हर्सिटीचा दर्जा मिळाला. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये गंमत झाली. सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर यूजीसीने देशभरातल्या १२३ डीम्ड संस्थांना नावातला ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द काढायला सांगितला. आम्ही तेव्हा शेवटच्या वर्षाला होतो. आत आलो ख्राइस्ट युनिव्हर्सिटीत आणि बाहेर पडलो ‘ख्राइस्ट’, पुढे कंसात ‘डीम्ड टु बी युनिव्हर्सिटी’ मधून. कॅम्पस तोच, वर्ग तेच, बाक तेच. कंस तेवढा वाढला.

अशा संस्था भारतात काही कमी नाहीत. आपल्या पुण्यात औंधला स्पायसर आहे, ज्याची पुणेकरांना ओळख आधी ब्रेडमुळे आणि मग शिक्षणामुळे. त्याला २०१४ मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळाला. बेंगळुरूचं सेंट जोसेफ्स कॉलेज १८८२ सालचं, ते २०२२ मध्ये युनिव्हर्सिटी झालं. शिलाँगला मार्टिन ल्यूथर ख्रिश्चन युनिव्हर्सिटी आहे. २०११ च्या जनगणनेत ख्रिश्चन लोकसंख्या २.३ टक्के होती. म्हणजे यातल्या बऱ्याच कॅम्पसवर मॅनेजमेंट ख्रिश्चन आणि वर्गात बसलेली पोरं मात्र सगळ्या देशाची, असा मामला असतो. आमच्या वर्गात मारवाडी होते, बंगाली होते, कूर्गचे होते, काश्मीरची एक मुलगी होती. मराठी आम्ही दोघं, आणि दुसरा ठाण्याचा असल्यामुळे तो माझ्याशी हिंदीतच बोलायचा.

एस. जी. पाळ्या, तिसरा मजला

राहायला एस. जी. पाळ्या. पूर्ण नाव सुद्दगुंटे पाळ्या, पण पूर्ण नाव फक्त बसच्या पाटीवर. गल्लीबोळांत पीजीच पीजी, खाली झेरॉक्सची दुकानं, कोपऱ्यावर दर्शिनी. सकाळी उभ्याउभ्या इडली-वडा, वर स्टीलच्या पेल्यात फिल्टर कॉफी, की निघालो.

आमची खोली तिघींत. एक शिलाँगची खासी मुलगी, एक त्रिशूरची मल्याळी आणि मी. घरी मी ‘दोन्ही रूममेट ख्रिश्चन आहेत’ असं सांगितलं तेव्हा फोनवर दोन सेकंद शांतता पसरली होती. प्रत्यक्षात सीन काय होता? शिलाँगवाली प्रेस्बिटेरियन. दर रविवारी न चुकता आपली आपण उठून चर्चला जायची आणि येताना आमच्यासाठी केळ्याचे वेफर्स आणायची. त्रिशूरवाली कॅथलिक. ती रविवारी अकरापर्यंत झोपायची, आणि साडेअकराला आईचा फोन आला की उशीत तोंड खुपसून ‘हो, मासला जाऊन आले’ म्हणायची. मी दर चतुर्थीला उपास धरायचे आणि दुपारी कॅन्टीनमध्ये विसरून सामोसा खायचे. तीन धर्मनिष्ठ मुली, एक खोली. कोण कुणाला बाटवणार होतं, सांगा!

कॅम्पसवर धर्म दिसायचा, नाही असं नाही. शेजारीच धर्माराम ही सीएमआयची सेमिनरी. पांढऱ्या झग्यातले तरुण ब्रदर येता-जाता दिसायचे. डिसेंबरमध्ये ‘मॅग्निफिकाट’ नावाचा ख्रिसमसचा कार्यक्रम व्हायचा. दिव्यांची रोषणाई, गायनवृंद, गव्हाणीचे देखावे. गायनवृंदात सगळ्या आडनावांची पोरं, आणि बघायला बाहेरून लोक यायचे. आपल्याकडे गणपतीची आरास बघायला जातो, अगदी तसंच. आणि ‘भाषा उत्सव’ असायचा, ज्यात प्रत्येक भाषेची पोरं आपापल्या वेशात येऊन आपापला कार्यक्रम करायची. पहिल्या वर्षी मी आजीची इरकल नेसले, ठाणेकराला फेटा बांधला, आणि आम्ही दोन मराठी आणि सात उसनी माणसं मिळून लेझीम खेळलो. उसन्यांत त्रिशूरवाली होती. तिचा ताल आमच्यापेक्षा बरा होता.

सीआयए आणि पंच्याऐंशी

मग शिस्त कशाची? तर, शिस्त दोन गोष्टींची. एक सीआयए. अमेरिकेची नाही, कंटिन्युअस इंटर्नल असेसमेंट. सेमिस्टरभर काही ना काही चालूच. प्रेझेंटेशन, असाइनमेंट, मिड-सेम, पुन्हा असाइनमेंट. ‘वर्षभर टाइमपास आणि शेवटचे पंधरा दिवस गाइड’ हा आपला महाराष्ट्राचा राष्ट्रीय फंडा तिथे पहिल्याच महिन्यात गार पडतो.

दुसरी गोष्ट हजेरी. पंच्याहत्तर टक्क्यांची सवय असलेल्या देशात आमचा आकडा ८५. त्याच्या खाली गेलात की परीक्षेचा प्रश्न. नॉलेजप्रो नावाच्या पोर्टलवर आकडा दिसायचा, दशांशासकट. पोरं सकाळी उठून आधी फोनवर मेसेज बघतात, आम्ही आधी तो आकडा बघायचो. कॉरिडॉरमध्ये ‘हाय, कशी आहेस’ ऐवजी ‘किती आहे?’ असं विचारलं जायचं. ८५.२ वाला चिंतेत, ९१ वाला श्रीमंत. मुव्हीला जायचं तर आधी बजेट, म्हणजे टक्क्यांचं बजेट.

यावर आमच्यात रात्र-रात्र वाद व्हायचे. शिलाँगवाली म्हणायची, अठराव्या वर्षी आपण पंतप्रधान निवडू शकतो आणि एक तास बंक करू शकत नाही, हे कसलं मोठं होणं? त्रिशूरवाली म्हणायची, बंक करून तू काय करणार होतीस, झोपणारच ना? दोघींचंही बरोबर होतं. मला आजही त्या वादात एक बाजू घेता येत नाही. जिथे वेळ, कपडे आणि गळ्यातलं आयडी कार्ड सगळं ठरलेलं असतं, तिथे माणूस वेळेवर पोचायला शिकतो, पण स्वतःचा वेळ स्वतः ठरवायला त्याला नंतर वेगळं शिकावं लागतं. जर्नलिझमच्या पोरांना तर ही गोष्ट जास्तच जाणवते. तासाला शिकायचं की प्रत्येक नियमाला ‘का?’ विचारा, आणि तास संपला की दुसऱ्या तासाला वेळेत पोचायला पळायचं.

‘धर्म-बिर्म करत नाहीत ना?’

आता मुद्द्याचं. गेल्या वर्षी माझ्या मामेबहिणीला ख्राइस्टच्या लव्हासा कॅम्पसला ॲडमिशन मिळत होती. पुण्याजवळच, डोंगरात. मामाचा फोन. पाच मिनिटं फी, दोन मिनिटं हॉस्टेल, आणि मग तो प्रश्न. ‘बाकी सगळं ठीक आहे गं, पण धर्म-बिर्म करत नाहीत ना?’

मी मामाला आधी घटना सांगितली. कलम ३० (१): धर्म किंवा भाषा यांवर आधारलेल्या अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क. भाषाही बरं का! कोण अल्पसंख्य हे राज्य धरून ठरतं, असं सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात सांगितलं, म्हणजे बेळगावच्या मराठी माणसाला कर्नाटकात हाच हक्क आहे. आणि कलम २८ (३): सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा प्रार्थनेला बसायला भाग पाडता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर संमती पालकांची लागते. मामा म्हणाला, ‘कागदावर सगळं असतं.’ खरंय. म्हणून मग मी त्याला गोष्ट सांगितली.

सीएमआय हा संघ १८३१ मध्ये केरळात मन्नानमला सुरू झाला. सुरू करणाऱ्या तिघांपैकी एक कुरियाकोस एलियास चावरा. २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केलं. पण त्याच्या कितीतरी आधी, १८४६ मध्ये, या फादरने मन्नानमला शाळा काढली होती. कसली? संस्कृतची! आणि १८६४ मध्ये त्यांनी चर्चना सांगितलं की प्रत्येक चर्चजवळ एक शाळा हवी. गरिबांसाठी घराघरात रोज स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढायची पद्धतही त्यांचीच. आपल्याकडे त्याच सुमारास, १८४८ मध्ये, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली. त्याआधी जोतीरावांनी नगरला येऊन अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांची मुलींची शाळा बघितली होती. नगर म्हणजे आमचं नगर, जे २०२४ पासून अहिल्यानगर झालं.

‘म्हणजे मामा,’ मी म्हटलं, ‘मिशनच्या शाळेचं आपल्याला नवं काय आहे? आजी कुठे शिकली?’

मामा गप्प झाला. कारण आजी त्याचीच आई.

आजीची हजेरी

माझी आजी, म्हणजे आईची आई, चाळीसच्या दशकात नगरला मिशनच्या मुलींच्या शाळेत जायची. सातवीपर्यंत. ती कधी ख्रिश्चन झाली नाही. शनिवारी मारुतीला तेल, चैत्रात हळदीकुंकू, सगळं यथासांग. पण क्रोशाच्या सुईने ती जे रुमाल विणायची ते शाळेतलं, अक्षर टपोरं ते शाळेतलं, आणि चहात बिस्किट बुडवताना डाव्या हाताने बशी धरायची तेही, तिच्या म्हणण्याप्रमाणे, बाईंचं बघून.

मी बेंगळुरूला जायचं ठरलं तेव्हा घरात बरीच चर्चा झाली होती. लांब आहे, खर्च आहे, आणि ते ‘तसलं’ कॉलेज. आजी पलंगावर बसून लसूण सोलत होती. तिने फक्त एवढंच विचारलं, ‘हजेरी घेत्यात का?’ मी म्हटलं, घेतात, पंच्याऐंशी टक्के लागते. ‘मग जाऊ द्या पोरीला,’ आजी म्हणाली, आणि पुन्हा लसणाला लागली.

त्यानंतर दर शुक्रवारी रात्री तिचा फोन. जेवलीस का, थंडी आहे का, आणि मग ‘किती टक्के झालं?’ मी सांगायचे, त्र्याण्णव. ‘बरं. कमी नको होऊ देऊ.’ एखाद्या आठवड्यात एक्याण्णव झालं की चौकशी. मला हसू यायचं. पोर्टलचा आकडा नगरच्या माळीवाड्यात इतक्या गांभीर्याने बघितला जातोय याची युनिव्हर्सिटीला कल्पनाही नव्हती.

पहिल्या वर्षाच्या सुट्टीत मी तिला विचारलं, तुला माझ्या मार्कांपेक्षा हजेरीचं एवढं काय पडलंय? तेव्हा तिने सांगितलं. ती बारा वर्षांची असताना घरात तिच्या लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं. शाळा बंद केली. कुणी तिला विचारलं नाही, सांगितलंही नाही, फक्त एक दिवस दप्तर माळ्यावर गेलं. तिसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या बाई दारात. हातात हजेरीपुस्तक. ‘ही मुलगी तीन दिवस आली नाही, आजारी आहे का?’ पणजोबांना काय उत्तर द्यावं कळेना. आजारी आहे म्हणावं तर पोर ओट्यावर भांडी घासतेय. बाई पुढच्या आठवड्यात पुन्हा आल्या. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या वेळी पणजोबांनी दप्तर माळ्यावरून काढलं. त्यातून आजीला आणखी दोन वर्षं मिळाली, सातवी झाली, आणि लग्न मग झालं.

‘देवाचं काय सांगायच्या बाई, ते काय माझ्या ध्यानात न्हाई,’ आजी म्हणाली. ‘पर माझं नाव पुस्तकात होतं. म्हणून त्या आल्या.’

साडेतेरा दिवस

दुसऱ्या वर्षी, जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी बाबांचा फोन आला. आजी गेली होती. झोपेतच.

संध्याकाळच्या कर्नाटक एक्सप्रेसला मी जनरलच्या डब्यात चढले. ही गाडी बेंगळुरूहून निघून सोलापूर, दौंड करत दुसऱ्या दिवशी दुपारी नगरला येते. रात्रभर दाराजवळ बॅगवर बसून होते. रडू येत नव्हतं. डोकं काहीतरी पकडायला बघत होतं आणि त्याने काय पकडलं, तर आकडे. सेमिस्टरचे नव्वद दिवस. पंधरा टक्के म्हणजे साडेतेरा. दोन दिवस तापात गेलेले. आज पहिला दिवस धरला तर तेरावा येतो पुढच्या गुरुवारी. शुक्रवार प्रवासात. मधले दोन रविवार वजा. म्हणजे बुडणार अकरा दिवस. अकरा आणि दोन तेरा. नव्वदातून तेरा गेले, राहिले सत्त्याहत्तर. पंच्याऐंशी पूर्णांक पाच.

वाडीच्या आसपास कुठेतरी, पहाटे, मला कळलं की मला पूर्ण तेरा दिवस थांबता येणार आहे. आणि ते दिवस माझ्याकडे आजीनेच साठवून ठेवायला लावले होते. दर शुक्रवारी, एकेक टक्का करून. तेव्हा मग रडू आलं. शेजारच्या गुलबर्ग्याच्या बाईंनी काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

मी तेरा दिवस थांबले. दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा मामा हात जोडून म्हणाला, ‘आई, पोरगी परत कॉलेजला जाईल, वर्ष बुडवणार नाही.’ मग शिवला. योगायोग म्हणा. आमच्या घरात कुणी योगायोग म्हणत नाही.

परत गेले तेव्हा आमचे एक फादर, जे इंग्लिश शिकवायचे, कॉरिडॉरमध्ये थांबले. कुठे होतीस विचारलं. सांगितलं. त्यांनी आजीचं नाव विचारलं. मी म्हटलं, अनसूया. त्यांनी खिशातल्या छोट्या डायरीत ते लिहून घेतलं, स्पेलिंग विचारून. बाकी काही नाही, प्रवचन नाही, ‘देवाची इच्छा’ नाही. दोन दिवसांनी जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले की सकाळच्या मासमध्ये त्यांनी तिची आठवण केली. मी थँक्यू म्हटलं आणि तासाला गेले. काका-मामांना ज्याची भीती वाटते, त्याच्या सगळ्यात जवळ जाणारा तीन वर्षांतला प्रसंग म्हणाल तर हाच. आजी असती तर तिला गंमत वाटली असती. गोदावरीच्या घाटावर पिंड आणि होसूर रोडवर मास, दोन्हीकडे पुस्तकात नाव.

जाण्याआधी विचारा

मामेबहीण शेवटी लव्हासाला गेली. तिच्यासारखी तुमची कुणी जाणार असेल तर माझ्या अनुभवातून चार गोष्टी सांगते. धर्माचा प्रश्न पहिला विचारू नका, तो चौथा आहे. पहिला विचारा हजेरीचा: किती टक्के, आणि आजारपण, घरातलं दुःख किंवा फेस्टचे दिवस त्यात कसे धरतात, हे लेखी काय आहे ते वाचा. दुसरा, मार्कांची विभागणी: इंटर्नल किती, शेवटची परीक्षा किती. तुम्ही शेवटच्या क्षणी चमकणारे असाल तर हा प्रकार तुमच्यासाठी नाही. तिसरा, हॉस्टेल किंवा पीजीचे नियम, कारण खरे वाद कॅम्पसपेक्षा रात्रीच्या वेळेवरून जास्त होतात. चौथा, प्रार्थना आणि धार्मिक कार्यक्रम ऐच्छिक आहेत ना, हे सरळ विचारा. विचारण्यात अपमान काही नाही, आणि कलम २८ तुमच्या बाजूला आहेच.

आणि एक प्रश्न स्वतःला विचारा. आपल्याला कुणी मोजलेलं चालेल का? कारण अशा कॅम्पसवर तुम्ही सतत मोजले जाता. त्याचा जाच होतो, खोटं कशाला बोला. आमच्या वर्गातल्या काही जणांना तो कायमचा नकोसा झाला, आणि ज्याला अठराव्या वर्षी मोकळं रान हवंय त्याने खुशाल दुसरीकडे जावं. शिलाँगवाली आज तिकडे स्वतःचा कॅफे चालवते आणि स्टाफला वेळेचं बंधन नाही असं अभिमानाने सांगते. त्रिशूरवाली बँकेत आहे. तीही सुखी आहे.

मी फ्रीलान्सर. एस. जी. पाळ्यातून सुटले ती थेट कोथरूडच्या वन-रूम-किचनमध्ये, लॅपटॉपसमोर. ड्रेसकोड नाही, पायजम्यावर कव्हर स्टोरी लिहिली तरी चालते. आयडी कार्ड नाही, आणि तास सुटला की धावायचं नाही. एकदम स्वप्नवत, हो की नाही? पण गेल्या पावसाळ्यात मी तापाने चार दिवस झोपून होते. संपादकांचा फोन पाचव्या दिवशी आला, डेडलाइनसाठी. त्यांची चूक नाही, त्यांच्या पुस्तकात माझं नाव डेडलाइनच्या पुढेच आहे. माझ्या ओळखीतले वर्क-फ्रॉम-होमवाले सगळे थोड्याफार फरकाने असेच आहेत. लॉगिनचा हिरवा ठिपका दिसत असला की माणूस आहे असं धरतात.

म्हणून मी एक केलंय. लव्हासाला मामेबहिणीला दर शुक्रवारी रात्री फोन करते. जेवलीस का, डोंगरात धुकं आहे का, आणि मग ‘किती टक्के झाले?’ ती वैतागते. ‘ताई, तू पण ना, मार्क विचार की!’ मी मार्क विचारत नाही. गेल्या शुक्रवारी ब्याण्णव होते. मी म्हटलं, कमी नको होऊ देऊस. कशासाठी, ते तिने अजून विचारलेलं नाही.